शेतातला चौकोनी खंदक कसा वाचावा: मध्ययुगीन इंग्लंडमधले खंदकवाडे आणि त्यांतली माणसे

इंग्लंडच्या पूर्व आणि मध्य भागात, म्हणजे सफोक, एसेक्स, केंब्रिजशर, वॉरिकशर अशा परगण्यांत, गावाबाहेरच्या पायवाटेने चालताना कधीकधी कुरणाच्या मधोमध एक विचित्र तळे दिसते. ते गोल नसते, ओढ्यासारखे वळत नाही, तर काटकोनात मोडते आणि पुन्हा काटकोनात मोडून जमिनीचा एक चौकोनी तुकडा वेढून टाकते. आत बहुधा काहीच नसते. गवत, दोनचार जुनी झाडे आणि मेंढ्या. हा मध्ययुगीन खंदकवाडा. अशी सुमारे ६,००० ठिकाणे इंग्लंडमध्ये नोंदलेली आहेत आणि त्यांतली बहुसंख्य साधारण १२५० ते १३५० या एका शतकात खोदली गेली. मराठी वाचकाला खंदक म्हटले की भुईकोट किल्ला आठवतो, आणि गढी म्हटले की उंच बुरूज आणि पांढरी माती. इथे मात्र बुरूज नाहीत, तटही बहुतेक नाही. आहे तो केवळ पाण्याने वेढलेला एक राहता वाडा. म्हणून या लेखात मी ‘खंदकवाडा’ असाच शब्द वापरणार आहे.

असा एखादा खंदकवाडा स्वतः शोधायचा कसा, जमिनीवर वाचायचा कसा आणि त्यात राहणाऱ्या माणसांपर्यंत पोहोचायचे कसे, हे पुढे सांगितले आहे. त्यासाठी खोदकाम लागत नाही, किंबहुना ते करायचेच नाही. नकाशे, पावसाळी बूट, वही आणि एक प्रश्न एवढी सामग्री पुरते. तो प्रश्न असा: हे पाणी कोणाला दिसावे म्हणून खोदले? वेढा घालणाऱ्या सैन्याला सात-आठ मीटर रुंदीचा खंदक फार काळ अडवू शकत नव्हता. चोर, सुटलेली जनावरे, शेजाऱ्यांचे भांडण आणि आग यांपासून त्याचा थोडाफार उपयोग होत असे. पण त्याचे मुख्य काम रस्त्याने येणाऱ्या माणसाला ‘इथे कोणीतरी मातब्बर राहतो’ हे लांबूनच कळवणे हे होते. हा प्रश्न मनात ठेवून चालले, तर पुढची प्रत्येक खूण बोलू लागते.

नकाशावरचा शोध

सुरुवात घरातूनच करावी. ऑर्डनन्स सर्व्हे या ब्रिटनच्या सरकारी नकाशा संस्थेच्या नकाशांवर जुन्या वास्तू गॉथिक वळणाच्या अक्षरांत छापलेल्या असतात. त्यांत ‘मोट’ हा शब्द शोधावा. (विहिरीवरच्या आपल्या मोटेशी या इंग्रजी शब्दाचे काही नाते नाही, पण दोन्हीकडे पाणीच असल्यामुळे तो लक्षात राहायला सोपा आहे.) आजच्या नकाशापेक्षा एकोणिसाव्या शतकातले सहा इंची आणि पंचवीस इंची (म्हणजे एका मैलाला तेवढे इंच धरलेले) नकाशे अधिक उपयोगी पडतात, कारण गेल्या शंभर वर्षांत यंत्रांनी बुजवलेले कितीतरी खंदक त्यांवर पूर्ण दिसतात. स्कॉटलंडच्या राष्ट्रीय ग्रंथालयाच्या संकेतस्थळावर हे नकाशे मोफत पाहता येतात आणि ते आजच्या उपग्रहचित्रावर ठेवून पाहण्याची सोयही तिथे आहे. त्यानंतर लायडारची चित्रे पाहावीत. विमानातून लेझर किरण टाकून जमिनीचा चढउतार मोजणाऱ्या या पद्धतीत झाडोऱ्याखालची जमीनही उमटते, आणि नांगरून सपाट वाटणाऱ्या शेतात अर्धा-पाऊण मीटर खोल चौकोन अचानक स्पष्ट दिसतो.

चारही बाजू शाबूत असलेला खंदक मिळाला तर उत्तमच, पण तशी अपेक्षा धरू नये. शेतघराशेजारी काटकोनात वळलेला एखादा डबका दिसला, तर तो बहुधा चारांपैकी उरलेल्या दोन भुजांचा असतो. सरळ येणारी वाट विनाकारण वळसा घालून पुढे जात असेल, तर ती कशाला वळसा घालते हे पाहावे. शेतांची नावेही सोडू नयेत. १८३६ च्या कायद्यानंतर चर्चच्या दशमांश कराचे पैशांत रूपांतर करण्यासाठी गावोगावचे नकाशे काढले गेले. त्यांच्या सोबतच्या यादीत प्रत्येक शेताचे नाव, मालक आणि कसणारा नोंदलेला असतो. पाण्याचा मागमूस नसलेल्या शेताचे नाव तिथे ‘मोट फील्ड’ असे निघाले, तर लायडारकडे पुन्हा एकदा वळावे.

जागा कुठे आहे, यावरून राहणाऱ्याची पायरी बऱ्याच अंशी ओळखता येते आणि माझ्या मते नकाशाचा सर्वांत मोठा फायदा हाच आहे. खंदकवाडा चर्चला लागून असेल, तर तो गावच्या मुख्य जमीनदाराचा, म्हणजे मॅनरच्या (जमीनदाराच्या जहागिरीच्या) धन्याचा असण्याची शक्यता मोठी. चर्चही पुष्कळदा त्याच्याच पूर्वजाने बांधलेले असते. तो गावाच्या शिवेवर, जंगलाच्या कडेला किंवा सामाईक कुरणाच्या टोकाला एकटा असेल, तर गोष्ट वेगळी. तेराव्या शतकात लोकसंख्या वाढत होती, जंगल तोडून नवी जमीन लागवडीखाली येत होती, आणि अशा नव्या जमिनीवर हातपाय पसरलेला एखादा धाकटा सरदार किंवा पैसे बाळगून असलेला स्वतंत्र शेतकरी आपल्या घराभोवती खंदक खोदून मोठ्या धन्यांच्या पंगतीत बसू पाहत होता. वॉरिकशरमधल्या आर्डनच्या जंगलपट्टीत आणि सफोकच्या चिकणमातीच्या पठारावर असे खंदक दाट आहेत. चिकणमाती पाणी धरून ठेवते, हेही त्याचे एक साधे कारण आहे. वाळूच्या किंवा खडूच्या जमिनीत तेवढ्याच श्रीमंत माणसाला ही हौस परवडली नसती.

प्रत्येक चौकोनी पाणी मात्र खंदकवाडा नसते. मठांच्या शेतघरांभोवती खंदक असत, मासे पाळण्याची तळी चौकोनी असत, पवनचक्कीच्या उंचवट्याभोवती गोल चर असे, आणि नंतरच्या काळातल्या बागांतही शोभेसाठी कालवे खोदले गेले. आतल्या बेटावर एक घर आणि अंगण मावेल एवढी जागा आहे का, हे आधी मोजावे. जागा फार लहान असेल तर घाई न करता पर्याय तपासावेत.

जमिनीवर काय पाहावे

जानेवारी ते मार्चच्या दरम्यान जावे. गवत बसलेले असते, झाडांना पाने नसतात आणि तिरप्या उन्हात बारीक चढउतारही सावली टाकतो. सार्वजनिक पायवाटेवरून दिसत असेल तर प्रश्न नाही. आत जायचे असेल तर जमिनीच्या मालकाची परवानगी आधी घ्यावी. अनेक खंदकवाडे संरक्षित स्मारके आहेत, आणि १९७९ च्या कायद्यानुसार तिथे परवान्याशिवाय खोदणे किंवा धातुशोधक यंत्र वापरणे हा गुन्हा आहे. पाण्यात उतरू नये. तळाशी गाळ खोल असतोच, शिवाय अशा पाण्यात राहणारा तुरेवाला न्यूट हा सरड्यासारखा दिसणारा उभयचर प्राणीही कायद्याने संरक्षित आहे.

आधी बेटावर जाऊ नये. बाहेरून पूर्ण फेरी मारावी आणि पावलांनी लांबी-रुंदी मोजून वहीत उतरवावी. पाणी कुठून येते आणि कुठे जाते हे पाहावे. उतारावरच्या खंदकात खालच्या अंगाला मातीचा बांध घातलेला असतो, कारण तो नसेल तर पाणी थांबणारच नाही. वरच्या अंगाला ओढ्यातून काढलेल्या पाटाची बुजलेली रेषा कधीकधी सापडते. मग वाट शोधावी. आज जिथून ट्रॅक्टर आत जातो तो भराव पुष्कळदा नंतरच्या शेतकऱ्याने टाकलेला असतो आणि मूळचा लाकडी पूल दुसऱ्याच बाजूला असतो. चार भुजांची रुंदी सारखी आहे का, हेही मोजावे. ज्या बाजूने पाहुणा येत असे, त्या बाजूचा खंदक काही ठिकाणी मुद्दाम रुंद केलेला असतो, आणि मागची, गोठ्याकडची बाजू कशीबशी उरकलेली असते. असा फरक सापडला, तर पाणी कोणाला दाखवायचे होते याचे उत्तर मोजपट्टीनेच दिले असे समजावे.

आता थोडे गणित करावे, कारण ते केल्याशिवाय खंदक खोदणारी माणसे डोळ्यांसमोर येत नाहीत. समजा बेट ६० मीटर लांब आणि ५० मीटर रुंद आहे, आणि खंदक वर ८ मीटर रुंद, खाली निमुळता, सरासरी ५ मीटर रुंदीचा व २ मीटर खोल आहे. चौफेर लांबी मधोमध धरून सुमारे २५० मीटर भरते. म्हणजे २,५०० घनमीटर माती. एका माणसाने दिवसाला अडीच घनमीटर चिकणमाती खणून बाहेर टाकली असे धरले, तर १,००० माणूसदिवस होतात: वीस माणसे आणि पन्नास दिवस. लाकडी फावडे, त्याच्या कडेला लोखंडी पट्टी, ओली चिकणमाती आणि पाठीवर टोपली. ती माती बेटावर पसरली तर जमीन सुमारे ८० सेंटीमीटर उंच होते, आणि ओलसर पठारावर घर कोरडे ठेवायला एवढी उंची मोलाची असते. प्रत्यक्ष जागेवर बेट बाहेरच्या शेतापेक्षा उंच आहे की समपातळीत, हे डोळ्याने ताडून पाहावे. समपातळीत असेल तर ती माती कुठे गेली, हा नवा प्रश्न. बाहेरच्या कडेने एखादा ठेंगणा बांध दिसतो का ते पाहावे.

बेटावर जायला मिळाले, तर चालण्याऐवजी एका जागी वाकून पाहावे. जिथे माणसे आणि जनावरे दीर्घकाळ राहिली, तिथल्या मातीत फॉस्फेट साचते आणि अशा जागी नेटल नावाची, अंगाला लागताच आग करणारी झुडपे माजतात. त्यांचा दाट पट्टा दिसला तर त्याची जागा नोंदवावी. छछुंदरासारख्या दिसणाऱ्या मोल या प्राण्याने उकरलेल्या मातीचे ढीग बारकाईने पाहावेत. त्यात बोटाच्या पेराएवढा राखाडी खापराचा तुकडा दिसेल, एक बाजू खरखरीत आणि दुसरी काजळी धरलेली: चुलीवर चढत राहिलेल्या मडक्याचा. कौलाचा तांबूस तुकडा किंवा कोळशाचा कणही दिसेल. शेजारी नाणे ठेवून छायाचित्र घ्यावे आणि वस्तू तिथेच राहू द्यावी. उचललेला तुकडा खिशात केवळ खापर असतो. जागेवर असेपर्यंत तो ‘स्वयंपाकघर या कोपऱ्यात होते’ असे सांगत असतो.

वाडा उभा कसा करावा

रिकाम्या बेटावर घर कल्पायचे असेल, तर आधी उभे असलेले दोन-तीन खंदकवाडे पाहून यावेत. हेरफर्डशरमधले लोअर ब्रॉकहॅम्प्टन हे चौदाव्या शतकाच्या अखेरचे लाकडी सांगाड्याचे घर आहे, आणि पाण्यावर उभे असलेले त्याचे छोटे प्रवेशद्वार पाहिले की दिखाऊपणा आणि साधेपणा एकत्र कसे नांदत हे कळते. केंटमधला आयटम मोट अधिक श्रीमंत, दगड-लाकडाचा. कॉर्नवॉलमधल्या पेनहॅलमला भिंती गुडघ्याएवढ्याच उरल्या आहेत, पण तेराव्या शतकातल्या वाड्याचा जवळजवळ संपूर्ण आराखडा जमिनीवर उघडा दिसतो. नवशिक्याने सर्वांत आधी पाहावे ते पेनहॅलमच, कारण तिथे सजावट लक्ष विचलित करत नाही.

मध्यभागी मोठे दालन, म्हणजे हॉल. जमिनीच्या मधोमध उघडी शेकोटी आणि छतापर्यंत मोकळी जागा. धूर वरच्या झरोक्यातून जाई आणि जाता जाता वासे काळे करी. ज्या घरांत नंतर माळा घातला गेला, तिथे माळ्यावर चढल्यास ती काजळी आजही वाशांवर दिसते. हॉलच्या एका टोकाला थोडा उंच ओटा, तिथे मालकाचे मेज, आणि त्यामागे कुटुंबाची खासगी खोली. दुसऱ्या टोकाला ये-जा करण्याचा बोळ आणि त्यापलीकडे दोन कोठारखोल्या, एक पेयांची आणि एक पावाची. स्वयंपाकघर आगीच्या भीतीने बहुधा सुटे असे. शौचकूप सरळ खंदकावर निघत, त्यामुळे खंदकाचे पाणी आजच्या चित्रांत दिसते तसे निर्मळ नव्हते हे ध्यानात ठेवावे. धान्याची कोठारे, गोठे आणि कबुतरखाना बऱ्याचदा खंदकाबाहेरच्या अंगणात असत.

त्या घाणेरड्या गाळानेच अभ्यासकांवर मोठे उपकार केले आहेत. पाण्याखाली हवा पोहोचत नाही, म्हणून लाकडी वाट्या, चामड्याचे जोडे, फळांच्या बिया, पुलाचे खांब तिथे टिकतात. अशा खांबांच्या लाकडातील वार्षिक कडी मोजून, आणि साल शाबूत असेल तर, झाड कोणत्या वर्षी तोडले हेदेखील सांगता येते. जवळच्या एखाद्या खंदकवाड्याचे उत्खनन झाले असेल, तर त्याचा अहवाल परगण्याच्या ऐतिहासिक नोंदणी कार्यालयातून मिळवून वाचावा.

माणसांची नावे

आता सर्वांत जिव्हाळ्याचे काम. गावाचे नाव कळल्यावर व्हिक्टोरिया काउंटी हिस्टरी या १८९९ पासून चालू असलेल्या मालिकेत त्या गावाचा भाग आहे का ते पाहावे. मॅनर कोणाकडून कोणाकडे गेला याची साखळी तिथे मिळते. गावात एकच मॅनर असेल असे गृहीत धरू नये. एका गावात तीन-चार मॅनर आणि तेवढेच खंदक असू शकतात, आणि कोणता खंदक कोणाचा हे ठरवताना मोठमोठ्या अभ्यासकांचीही गफलत होते.

मग करयादी. १३२७ साली ग्रामीण भागातून चल संपत्तीच्या विसाव्या भागाइतका कर घेतला गेला आणि कर देणाऱ्यांची नावे गाववार लिहिली गेली. पौंडाचे वीस शिलिंग आणि शिलिंगाचे बारा पेन्स, एवढे लक्षात ठेवले की कोणी ३ शिलिंग भरले म्हणजे त्याची संपत्ती ३ पौंडांची धरली गेली हे काढता येते. यादीतले पहिले, सर्वांत मोठ्या रकमेचे नाव पुष्कळदा मॅनरच्या धन्याचे असते. पण मला त्याच्या खालची दोन-तीन नावे अधिक महत्त्वाची वाटतात. शिवेवरच्या एकट्या खंदकाचा मालक तिथेच लपलेला असतो, आणि नशीब असेल तर ‘अॅट मोट’, म्हणजे खंदकापाशी राहणारा, असे आडनावच लावून येतो. अगदी गरीब माणसे या यादीत नसतात, हे विसरू नये.

राजाकडून थेट जमीन धारण करणारा मेला की त्याच्या मालमत्तेची चौकशी होई. त्या लॅटिन कागदांत मुख्य घराचा उल्लेख ‘कॅपिटाले मेसुआजियम’ असा येतो. ‘फोसाटुम’ म्हणजे खंदक आणि ‘कोलुंबारियम’ म्हणजे कबुतरखाना. घराची किंमत ‘खर्च वजा जाता शून्य’ अशी दिसली, तर घर पडके होते असा अर्थ लावण्याची चूक अनेक जण करतात. त्याचा अर्थ एवढाच की देखभालीचा खर्च घरापासूनच्या उत्पन्नाइतका होता. तारखा राजाच्या राज्यवर्षांत दिलेल्या असतात. तिसऱ्या एडवर्डचे पहिले वर्ष २५ जानेवारी १३२७ ला सुरू झाले, त्यावरून पुढे मोजत जावे.

घरात राबणाऱ्यांपर्यंत जायचे असेल, तर मॅनरच्या हिशेबवह्या आणि न्यायसभेच्या नोंदी हव्यात; त्या कुठे आहेत हे ब्रिटनच्या राष्ट्रीय अभिलेखागाराच्या सूचीत शोधता येते. हिशेबाचे वर्ष सप्टेंबरअखेरच्या मायकेलमसपासून सुरू होते आणि हिशेब देणारा रीव्ह हा बहुधा कुळांपैकीच एक असतो. नांगऱ्ये, गाडीवान, मेंढपाळ आणि दूधदुभते पाहणारी बाई यांना वर्षाला थोडे शिलिंग आणि बाकी धान्य मिळे. न्यायसभेच्या नोंदींत स्त्रिया दिसतात: मुलीच्या लग्नासाठी धन्याला दिलेला दंड, आणि बिअर गाळून विकल्याबद्दल भरलेले पेन्स. तेच नाव वर्षामागून वर्षे येत राहिले, तर त्या बाईचा तो नियमित धंदा होता असे समजावे. कूळ मेले की त्याचे सर्वांत चांगले जनावर धन्याकडे जाई. १३४९ च्या वहीत अशा नोंदी पानामागून पाने येतात, कारण ते काळ्या मृत्यूचे, म्हणजे प्लेगच्या महासाथीचे वर्ष. खंदक खोदण्याचा जोर त्यानंतर ओसरला आणि पुष्कळ बेटे ओस पडू लागली.

सगळी ओस पडली नाहीत, आणि कागद व जागा एकत्र कशी वाचावी याचा वॉरिकशरमधला बॅडस्ली क्लिंटन हा चांगला धडा आहे. ‘बॅडस्ली’ या नावातच जंगल तोडून काढलेल्या मोकळ्या जागेचा अर्थ आहे, आणि ‘क्लिंटन’ हे तेराव्या शतकातल्या मालक घराण्याचे नाव. १४३८ मध्ये ही जागा जॉन ब्रोम या कायद्याच्या धंद्यातल्या माणसाने घेतली. त्याचे हिशेब शिल्लक आहेत आणि त्यांतून दिसणारा माणूस तलवार घेतलेला सरदार नाही. तो गुरे विकत घेऊन, चारून, पुष्ट करून विकणारा आणि कौले भाजणारा व्यवहारी जमीनदार आहे. १४६८ साली लंडनमध्ये त्याचा खून झाला आणि पुढे त्याचा मुलगा निकोलस याने सूड घेतला. खंदकाच्या पाण्यालगत या घराचा एक सांडपाण्याचा बोगदा आहे. १५९१ च्या ऑक्टोबरात कॅथलिक पाद्र्यांची धरपकड करायला झडती आली, तेव्हा काही जेझुइट (कॅथलिकांच्या एका धर्मसंघाचे पाद्री) त्याच बोगद्यात पाण्यात पाय बुडवून सुमारे चार तास उभे राहिले आणि वाचले. घाण वाहून नेण्यासाठी बांधलेली ती अरुंद वाट पाहताना मला दरवेळी त्या घरातल्या मोरीवाल्यांची आठवण येते, ज्यांचे नाव कुठल्याच वहीत सापडत नाही.

शेवटी आपल्या वहीतली मापे, छायाचित्रे, जुन्या नकाशाची नक्कल आणि कागदांत सापडलेली नावे एकत्र करावीत, कोणती गोष्ट डोळ्यांनी पाहिली आणि कोणता आपला अंदाज आहे हे वेगवेगळे लिहावे, आणि त्याची एक प्रत परगण्याच्या ऐतिहासिक नोंदणी कार्यालयाला पाठवावी. जागा त्यांच्या यादीत आधीपासून असली तरी पाठवावी. खंदकाची एखादी भुजा बुजवली गेली आहे किंवा बांध फुटला आहे, हे त्यांना बहुतेक वेळा तिथे चालत जाणाऱ्या माणसाकडूनच कळते.